तळ्याचे घड्याळ



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा आम्ही बोनस, महागाई भत्ता किंवा कामगार कायदा यांवर बोलू अशी त्यांची समजूत होती. तीस वर्षे ज्याने गेटसभा घेतल्या त्याने दुसरे काय बोलावे? पण आम्ही विषय दिला तळ्याचा. चिटणीस जरा घोटाळले आणि म्हणाले, "म्हणजे मेहरूणचे तळे का?" आम्ही म्हटले, निघू मेहरूणवरून, पण पोचावयाचे आहे सह्याद्रीत. तेथे वीज देणारी तळी आहेत, आणि मे महिन्याची सुटी लागली की आपल्यापैकी पुष्कळजण मुलाबाळांना घेऊन त्यांच्याच काठी जातात.

आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या फाटकाशी. तेव्हा इंजिनियर मंडळी समोर असतील तर त्यांनी आमची भाषा गोड मानून घ्यावी.

मेहरूणचे तळे कोणाला सांगावयास नको. सकाळी फिरणारे, संध्याकाळी कणीस खाणारे, अनंत चतुर्दशीला गणपती बोळवणारे, आणि हिवाळ्यात मेहरूणच्या बोरांची चौकशी करणारे, अशी त्याची बारमाही गिऱ्हाइके आहेत. धुळेकरांना नकाणे तलाव तसाच. या तळ्यांनी आजवर आपल्याकडे वीज दिलेली नाही. का दिली नाही? एकदा एका बैठकीत एका साथीदाराने अगदी मुळालाच हात घातला होता. तो म्हणाला, "दादा, पानीमा ईज कशी ऱ्हास?" सगळे हसले, पण प्रश्न पक्का होता. पाण्यात वीज नसतेच. वीज असते ती पाण्याच्या पडण्यात. किती पाणी पडते आणि किती उंचीवरून पडते, या दोन गोष्टींचा गुणाकार म्हणजे वीज.

हिशेब करून पाहा. मेहरूणसारख्या तळ्याचे पाणी पाच मीटर खाली सोडले, तर एक युनिट विजेसाठी सुमारे नव्वद हजार लिटर पाणी सोडावे लागेल. उन्हाळ्यात आपल्या गल्लीत येतो तो दहा हजार लिटरचा टँकर. तसे नऊ टँकर ओतावे तेव्हा एक युनिट हाती येणार. तळे रिकामे होईल आणि एका मोहल्ल्याचे पंखे काही धड फिरणार नाहीत. आता हाच टँकर घाटमाथ्यावर न्या आणि पाचशे मीटर खाली सोडा. एकाच टँकरात अकरा-बारा युनिटे मिळतात. पाणी तेच. फरक डोंगराचा.

आणि पावसाचाही. आपल्या जळगावात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर लोणावळ्यात चार हजारांच्या वर. पाऊस भरपूर आणि पलीकडे सरळ तुटलेला कडा, अशी जागा पृथ्वीवर थोड्या ठिकाणी आहे. आपल्या खानदेशात तापी सपाटीतून चालते. म्हणून आपल्याकडची वीज दीपनगरला कोळशावर होते. तरी तिलाही हतनूरचे पाणी लागते, हे विसरू नये. हतनूरला हिवाळ्यात पक्षी पाहावयास जाणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते, की ज्या पाण्यावर बदके उतरतात त्याच पाण्यावर औष्णिक केंद्राच्या बॉयलरचीही नजर असते.

असो. आता घाटावर जाऊ.

लोणावळ्याच्या आसपास तीन तळी आहेत, लोणावळा, वळवण आणि शिरवटा. तिन्ही माणसांनी केलेली. पर्यटक त्यांना 'लेक' म्हणतात आणि निसर्गाच्या खात्यावर मांडतात. मुंबईचे एक इंजिनियर डेव्हिड गॉसलिंग यांच्या डोक्यात ही कल्पना आली, जमशेटजी टाटांनी ती धरली, 1904 साली ते वारले, आणि मुलगा दोराबजी याने ती तडीस नेली. 1911 च्या फेब्रुवारीत गव्हर्नर क्लार्क यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि 1915 च्या फेब्रुवारीत खोपोलीच्या वीजघरातून मुंबईला वीज निघाली. तळ्याचे पाणी कालव्याने खंडाळ्याच्या कड्यापर्यंत येते आणि तेथून लोखंडी नळांतून सुमारे सतराशे फूट खाली खोपोलीला उतरते. नळाच्या तोंडाशी पेल्टन चक्र असते, वाट्यावाट्यांचे. त्या वाट्यांवर पाण्याची धार अशी आदळते की बंदुकीची गोळी मागे पडावी, असे आम्हांला तेथल्या एका जुन्या फिटरने सांगितले. फिटर थोडे वाढवून सांगतात. पण धारेत हात घालण्याची त्याची तयारी दिसली नाही!

ही वीज कोणासाठी झाली? बंगल्यांतील दिव्यांसाठी नव्हे. ती झाली मुंबईच्या कापड गिरण्यांसाठी. गिरणीत तोवर वाफेचे एंजिन असे. त्याच्यापासून लांबच लांब शाफ्ट, शाफ्टवरून चामड्याचे पट्टे, आणि पट्ट्यांवर माग. धुराने परळ काळा, आणि पट्ट्यात सापडून हात जाणे नेहमीचे. वीज आली, चिमणीचा धूर कमी झाला आणि कोळशाच्या गाड्यांचा खर्च वाचला. हे सारे चांगलेच झाले. आम्ही यंत्राचे वैरी नाही.

पण एक गोष्ट आम्हां कामगारांच्या घरी पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते, ती पुस्तकांतही आहे. दिवे नव्हते तोवर गिरणी सूर्याबरोबर चाले. अंधार पडला की सुटी. 1905 च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि दिवस चौदा-पंधरा तासांचा झाला. त्यावर दंगे झाले, संप झाले, सरकारला कमिशन नेमावे लागले. 1911 च्या कायद्याने कापड गिरणीतील पुरुषांना बारा तासांची मर्यादा घातली. पुढे 1919 चा मोठा संप, 1920 चा संप, मग 1922 च्या कायद्याने आठवड्याचे साठ तास, 1934 च्या कायद्याने चोपन्न, आणि 1946 च्या दुरुस्तीने अठ्ठेचाळीस. वीज आली म्हणून एकही तास कमी झाला नाही. प्रत्येक तास संपाने आणि कायद्याने कमी झाला. आणि हा इतिहास संपलेला नाही. 2025 च्या सप्टेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील रोजच्या कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्याला मान्यता दिली. म्हणजे काटा पुन्हा 1911 कडे.

विषय सोडून बोलतो आहोत असे वाटत असेल. नाही, श्रोतेहो. सांगावयाचे आहे ते हेच, की वीज देणाऱ्या तळ्याला घड्याळ असते. मेहरूणच्या पाण्याला नसते. ते पावसाने चढते, उन्हाने उतरते. वळवणचे पाणी मात्र मुंबईच्या मागणीने उतरते. कोठेतरी दूर भार नियंत्रण केंद्रात एक माणूस बसलेला असतो. संध्याकाळी सात वाजता घरोघर दिवे लागले की तो सांगतो, वाढवा. मध्यरात्री सांगतो, कमी करा. तसतसे डोंगरात पाणी सुटते आणि थांबते. काठावर भजी खात बसलेल्या माणसाला यातले काही दिसत नाही. त्याला दिसते ते स्तब्ध पाणी.

या घड्याळाची एक गंमतही आहे. कोकणात कोलाडला कुंडलिका नदीत तरुण मंडळी रबरी होडीतून उड्या मारीत जातात. भर उन्हाळ्यात, जेव्हा आपल्या पांझरेत वाळू तापते, तेव्हा तेथे पाणी उसळते कसे? तर ते मुळशीच्या धरणाचे पाणी. भिऱ्याच्या वीजघरातून वीज करून सुटते, आणि सकाळी ठरलेल्या वेळी नदीला पूर येतो. होडीवाल्यांचा सारा धंदा वीजघराच्या वेळापत्रकावर. तेथे काठावरचे पोरगेही सांगते, पाणी केव्हा येईल. घड्याळ माहीत असले की त्याच पाण्यावर पोट भरता येते.

माहीत नसले तर काय होते, तेही सांगितले पाहिजे. 2014 च्या जून महिन्याची 8 तारीख. हैदराबादच्या एका कॉलेजची मुले हिमाचलात सहलीला गेली होती. संध्याकाळी बियास नदीत खडकांवर उतरून फोटो काढीत होती. नदीत पाणी घोट्याएवढे. वर लारजीचे वीज धरण. वीज कमी करा असा आदेश वरून आला. आता यंत्रातून जायचे पाणी ठेवायचे कोठे? दरवाजे उघडले. काही क्षणांत नदी भरली. चोवीस विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचा एक माणूस, असे पंचवीस जण वाहून गेले. त्या दिवशी पाऊस नव्हता, पूर नव्हता. वीज नको झाली म्हणून माणसे बुडाली.

आपल्याकडे 2024 च्या 30 जूनला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण गेले. ते पाणी पावसाचे होते, कोणी सोडलेले नव्हते; दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नयेत. भुसावळकरांसाठी एवढे सांगतो, की भुशीचे ते धरण वीज किंवा सहल यांसाठी बांधलेलेच नाही. जी. आय. पी. रेल्वेने आपल्या वाफेच्या एंजिनांना पाणी पाजण्यासाठी ते बांधले. एंजिने गेली, धरण राहिले आणि पायऱ्यांवर गर्दी जमली. ज्या कामासाठी पाणी अडवले ते काम बदलले की पाण्याची राखणही बदलावयास हवी. पण राखणदाराची नेमणूक जुन्या वहीतच राहते.

राखणदाराचा विषय निघाला म्हणून आमचा एक अनुभव. काही वर्षांपूर्वी एका धरणावर तेथल्या कंत्राटी कामगारांच्या बोलावण्यावरून आम्ही गेलो होतो. धरणाचे नाव घेत नाही. दरवाज्यावर जो माणूस होता त्याची पाळी बारा तासांची, साप्ताहिक सुटी कागदावर, आणि ठेकेदार दर वर्षी नवा, म्हणून नोकरी दर वर्षी पहिल्या दिवसाची. खाली नदीत माणसे उतरलेली त्याला दिसत. आम्ही विचारले, "वरून हुकूम आला आणि खाली पोरे असली तर काय करता?" तो म्हणाला, "साहेब, शिट्टी मारतो." "आणि शिट्टी ऐकू गेली नाही तर?" तो काही बोलला नाही. भोंगा होता, पण बिघडलेला. दुरुस्तीचे पत्र गेले होते. दरवाजा थोडा वेळ रोखून धरण्याचा अधिकार त्याला नव्हता. आणि असता तरी, उद्या काढून टाकतील या भीतीने त्याने तो वापरला असता काय? कायम नोकरी ही केवळ कामगाराच्या पोटाची गोष्ट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी सहलीला जाताना या माणसाची आठवण ठेवावी. आमच्या मागणीपत्रकात त्या वेळी दुसरेच कलम पहिल्या क्रमांकाला गेले: भोंगा.

आता मुळशीचा उल्लेख झालाच आहे, तर तेथे थोडे थांबले पाहिजे. नीला आणि मुळा यांच्या संगमाशी धरण होणार आणि मावळातली पन्नासाच्या आसपास गावे त्यात येणार, म्हणून 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, शेतकरी बांधाच्या कामावर जाऊन बसले. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट पुढे होते. धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी केलेला एवढा संघटित लढा जगात त्याआधी क्वचितच झाला असेल. लढा मोडला तो केवळ पोलिसांनी नव्हे. मावळ्यांच्या कितीतरी जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या. सावकारांनी नुकसानभरपाई मान्य केली आणि कसणाऱ्याच्या पायाखालचा बांध सुटला. ज्याचे नाव कागदावर त्याला पैसे, ज्याचे हात मातीत त्याला वाट. बापटांनी 1924 साली रेल्वे अडवली आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. 1927 मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली. आज मुळशीच्या काठी मोठमोठी हॉटेले आहेत आणि खिडकीतून तळे दिसते म्हणून त्यांचे खोलीभाडे वाढलेले असते.

शंभर वर्षे झाली म्हणून प्रश्न शिळा झाला असे समजू नका. ही सारी तळी भीमेच्या खोऱ्यातले पाणी अडवून कोकणात सोडतात. वर्षाला सुमारे बेचाळीस अब्ज घनफूट. सोलापूरचा शेतकरी म्हणतो, हे पाणी पूर्वेला वाहणारे होते, आम्हांला द्या. खोपोलीच्या खालचे लोक म्हणतात, आमच्या नळाला आणि कारखान्यांना हेच पाणी येते. दोघेही खोटे बोलत नाहीत. आमचे स्वतःचे मत असे, की विजेला आता दुसरे मार्ग आहेत, तहानेला नाहीत. पण पाणी वळवायचे तर पातळगंगा, उल्हास आणि कुंडलिका यांच्या काठच्या माणसांना आधी विचारून, 1921 सारखे नव्हे.

आपल्या खानदेशाला सोयीचे तळे म्हणजे भंडारदरा. धुळे, नाशिक, घोटी असे गेले की आलेच. प्रवरेवर 1910 साली काम सुरू झाले, 1926 ला पुरे झाले. भिंत सुमारे 82 मीटर उंच, साठा अकरा अब्ज घनफूट. येथली गोष्ट लोणावळ्याच्या उलट आहे. धरण झाले ते शेतीसाठी, खालच्या दुष्काळी मुलखासाठी. त्याच पाण्यावर ऊस उभा राहिला आणि पुढे प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना निघाला. वीजघर आले साठेक वर्षांनी. म्हणून येथे घड्याळ शेताच्या आवर्तनाचे. पाणी शेताला निघाले की जाता जाता वीज देऊन जाते. आम्हांला ही रीत अधिक शहाणपणाची वाटते. एकाच पाण्याने दोन कामे करावी, आणि पहिले काम पोटाचे असावे. मात्र काठावरच्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांना या पाण्यातले किती मिळाले, हे तेथे गेल्यावर त्यांनाच विचारा. सहलीला गेलेल्या माणसाने वाटाड्याशी दहा मिनिटे बोलावे, त्याचे पैसे पडत नाहीत. मे अखेरीस तेथे काजव्यांचा हंगाम लागतो. झाडेच्या झाडे लुकलुकतात. गाडीचे दिवे लावून ती पाहावयास जाणारे महाभागही असतात!

भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला घाटघर आहे. तेथे 2008 साली निराळाच प्रकार सुरू झाला. वर एक तळे, चारशेहून अधिक मीटर खाली दुसरे. वीज जास्त झाली की तिच्या जोरावर खालचे पाणी वर चढवायचे, वीज कमी पडली की तेच पाणी खाली सोडायचे. अडीचशे मेगावॅट. चार युनिटे खर्चून तीन मिळतात. मग हा आतबट्ट्याचा व्यवहार कशाला? तर वीज साठवून ठेवता येत नाही, पाणी येते. आपल्या साक्रीच्या माळावर 2013 पासून सूर्याच्या उन्हावर वीज होते आहे. दुपारी ती भरपूर आणि दिवे लागायच्या वेळी शून्य. साक्रीचे दुपारचे ऊन संध्याकाळपर्यंत ठेवावयाचे तर ते असे डोंगरावरच्या तळ्यात ठेवता येते. कल्पना उत्तम आहे, यात शंका नाही. म्हणूनच 2023 मध्ये राज्याने अशा योजनांसाठी धोरण ठरवले आणि एकामागून एक कंपन्यांशी करार केले. ही सारी तळी झाली, तर सह्याद्रीत दिवसातून एकदा भरणारी आणि एकदा रिकामी होणारी पाणी पुष्कळ होतील.

आणि त्यांच्याही काठी आपणच डबा घेऊन जाणार. म्हणून आत्ताच, करार ताजे असताना, काही गोष्टी मागितल्या पाहिजेत. वीज केव्हा होणार, पाणी केव्हा चढणार आणि उतरणार, याची पाटी त्या दिवसाच्या वेळांसह प्रत्येक उतारावर मराठीत लागावी. कारखान्याच्या फाटकावर कामाचे तास लावण्याची सक्ती कायद्याने आहे. तळ्याच्या फाटकावर का नसावी? दरवाज्यावरचा माणूस कायम नोकरीचा आणि आठ तासांच्या पाळीचा असावा, आणि खाली माणसे दिसली तर हुकूम थांबवण्याचा लेखी अधिकार त्याला असावा. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली, होडी, मासेमारी आणि चहाची टपरी यांवर पहिला हक्क त्यांचा. सात-बारावर ज्याचे नाव नाही पण जो कसतो, त्याला भरपाईच्या यादीत घ्यावे. मुळशीचा घाव तेथेच होता.

यातले भोंग्याचे आणि पाटीचे कलम फारसे खर्चाचे नाही. आमच्या त्या धरणावर भोंगा बसायला चौदा महिने लागले आणि तीन निवेदने. पाटी अजून लागलेली नाही. चौथ्या निवेदनाचा मसुदा आमच्याजवळ आहे. तो येथे टेबलावर ठेवतो. सभा संपल्यावर ज्यांना सही करावीशी वाटेल त्यांनी करावी, आणि ज्यांना मसुद्यात चूक दिसेल त्यांनी ती आधी दाखवावी.